बशीतलं शेत

दोस्तांनो, तुमच्याकडे शेत आहे का?

"छे! आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. अंगण नाही. गॅलरीत कपडे वाळत घातलेले असतात. कुंडी ठेवली तर पाणी गळतं आणि खालच्या काकू ओरडतात!"

बरं, मग एक बशी आहे का? थोडा कापूस? आणि स्वयंपाकघरातल्या एखाद्या डब्यात अळीव? हे तिन्ही असेल तर तुमचं शेत तयार आहे असं समजा. आज पेरलंत की आठ-दहा दिवसांत कापणी! नांगर नको, बैल नको आणि पावसाची वाट बघणंही नको.

पण या शेताची गंमत एवढ्यावरच संपत नाही. याच बशीची एक छोटी प्रयोगशाळाही होते. अशाच प्रयोगामुळे डेन्मार्कमधल्या पाच शाळकरी मुलींचं नाव जगभर झालं होतं आणि त्यावरून मोठा वादही रंगला होता. ती हकिगत पुढे येणारच आहे. आधी पेरणी करू या.

डब्यातले अळीव

अळीव तुम्ही नक्की पाहिले असतील. तांबूस रंगाच्या, तिळाहून बारीक, लांबट बिया. कुणाकडे त्यांना हळीव म्हणतात. हिंदीत हालीम आणि इंग्रजीत गार्डन क्रेस. घरात बाळ आलं की बाळंतिणीसाठी अळिवाचे लाडू होतात. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, ते फुगले की खवलेला नारळ आणि गूळ घालून शिजवायचे आणि लाडू वळायचे. थंडीत हे लाडू घरातले सगळेच खातात. बाळंतिणीसाठी केलेले लाडू बाळाच्या दादा-ताईनेच संपवले, असंही पुष्कळ घरांत घडतं!

आपल्याला अळीव ठाऊक आहेत ते असे, बियांच्या रूपात. त्या बीतून येणारं कोवळं रोप मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी खाल्लेलं असतं. इंग्लंडमध्ये उलट आहे. तिथे पानंच खातात. उकडलेलं अंडं आणि अळिवाची कोवळी रोपं घातलेलं सँडविच तिथे अगदी नेहमीचं. तिथली मुलं अंड्याच्या रिकाम्या कवचावर डोळे, नाक, तोंड काढतात, आत ओला कापूस घालून अळीव पेरतात आणि आठवडाभरात त्या अंडोबाला हिरवे केस येतात.

अळीव खाण्याची पद्धत फार जुनी आहे. सुमारे २४०० वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या झेनोफन या ग्रीक लेखकाने इराणच्या सायरस राजावर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, की तिथली मुलं शिकायला जाताना घरून भाकरी आणि तोंडी लावायला अळीव नेत, आणि नदीचं पाणी पिण्यासाठी सोबत एक पेला. म्हणजे शाळेचा डबा आणि वॉटरबॅग तेव्हाही होतीच म्हणायची!

कोवळी रोपं खाणं आपल्याकडेही अगदीच नवं नाही बरं का. मुंबईच्या बाजारात बारीक पांढऱ्या मुळांसकट समुद्रमेथीच्या इवल्याशा जुड्या मिळतात. वाळूत पेरून दोन पानांवर असतानाच उपटलेली मेथी ती. आपली बशीतली शेती तिचीच बहीण.

काय काय लागेल?

* स्वयंपाकघरातले किंवा वाण्याकडचे अळीव, दोन छोटे चमचे. चमचाभर अळिवात हजाराहून जास्त बिया असतात, तेव्हा एवढे पुरे.
* पसरट बशी, किंवा श्रीखंडाचा रिकामा डबा, किंवा नारळाची करवंटी.
* कापूस, किंवा जुन्या सुती फडक्याची दुहेरी घडी, किंवा टिपकागद.
* पिण्याचं पाणी आणि एक चमचा.
* झाकायला दुसरी बशी.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बी खाण्यासाठी विकतात तेच घ्यायचं. शेतात पेरण्यासाठी विकलेल्या बियाण्याला कीड-बुरशी लागू नये म्हणून बऱ्याचदा औषध चोळलेलं असतं, कधीकधी त्याला गुलाबी किंवा निळा रंगही असतो. ते बियाणं आपल्या बशीत नको.

पेरणी

१. बशीत कापसाचा साधारण अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर पसरा. त्यावर पाणी घालून तो चांगला भिजवा. मग बशी तिरकी करून जास्तीचं पाणी ओतून टाका. कापूस ओलाचिंब हवा, पण बशीत तळं नको.

२. त्यावर अळीव चिमटीने भुरभुरा. एकावर एक ढीग नको. दोन बियांमध्ये एका बीएवढी जागा राहिली की झालं.

३. दुसरी बशी उपडी झाकून ठेवा. दोन दिवस उघडायचं ते फक्त डोकावण्यापुरतं आणि कापूस सुकत असेल तर पाणी शिंपडण्यापुरतं.

४. मोड आले की झाकण काढा आणि बशी खिडकीत ठेवा. उजेड भरपूर हवा, पण दुपारचं कडक ऊन नको.

५. रोज सकाळ-संध्याकाळ चमच्याने बशीच्या कडेने थोडं थोडं पाणी सोडा. वरून धार धरलीत तर रोपं आडवी होतात.

तुम्ही म्हणाल, "मटकीला आपण आधी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतो. मग अळीव का नाही बांधायचे?" एकदा चिमूटभर अळीव वाटीतल्या पाण्यात टाकून पाहा म्हणजे कळेल. थोड्याच वेळात प्रत्येक बीभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण तयार होतं. फडक्यात बांधले तर सगळ्यांचा मिळून एक लगदा होईल आणि आतल्या बियांना हवाच मिळणार नाही. बी जिवंत असते, तिलाही श्वास घ्यायला हवा लागते! म्हणून अळीव नेहमी पसरून पेरायचे.

हे आवरण काही उगीच नसतं. बीच्या सालीतला एक पदार्थ पाणी शोषून फुगतो आणि ते पाणी बीभोवती धरून ठेवतो. शिवाय त्यामुळे बी मातीला चिकटून बसते. वाऱ्यावर उडून जायला नको, की पाण्याबरोबर वाहून जायला नको. हा चिकटपणा आपल्याला पुढे एका प्रयोगात कामाला येणार आहे.

बशीची रोजनिशी

एक वही घ्या आणि रोज ठरलेल्या वेळी बशीत काय दिसतं ते लिहा. साधारण असं दिसेल.

पहिला दिवस: बिया फुगल्या. प्रत्येकीने काचेचा कोट घातला आहे.

दुसरा दिवस: साल फुटून पांढरं टोक बाहेर. हे मूळ. आधी पाण्याची सोय, मग बाकीचं!

तिसरा-चौथा दिवस: मान वाकवलेले बारीक देठ उभे राहू लागतात. डोक्यावर बीच्या सालीची टोपी.

पाचवा-सहावा दिवस: टोप्या पडल्या, पानं उघडली, हिरवी झाली.

सातवा ते दहावा दिवस: पाच सेंटिमीटरच्या आसपास उंची. कापणीला तयार!

हा सगळा अंदाज आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा अळिवाचा आवडता काळ. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात कापूस तासाभरात सुकतो आणि रोपं माना टाकतात. तेव्हा थंडीत सुरुवात केलेली बरी.

पानं उघडली की ती नीट बघा. मोहरी पेरली तर रोपाला आधी बदामाच्या आकाराची दोन पानं येतात. अळिवालाही दोनच येतात, पण प्रत्येक पान तीन भागांत कापलेलं असतं. त्यामुळे पाहणाऱ्याला सहा पानं असल्यासारखं वाटतं! शेजारच्या बशीत चिमूटभर मोहरी पेरून दोन्ही ताडून पाहा. अळीव आणि मोहरी हे एकाच कुळातले. मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल हेही त्याच घराण्यातले.

"पण कापसात खत कुठलं? माती कुठली? मग रोपं वाढतात कशावर?" हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर शाब्बास! उत्तर सोपं आहे. झाडाने प्रत्येक बीसोबत शिदोरी बांधून दिलेली असते. पहिले काही दिवस रोप त्यावर जगतं. पानं हिरवी झाली की ती उजेडात अन्न तयार करू लागतात, पण मातीतून मिळणारे क्षार कापसात नसतात. म्हणून दहा-बारा दिवसांनंतर बशीतली रोपं पिवळी पडू लागतात. त्याच्या आतच कापायची. रोप मोठं करायचं असेल तर मातीच्या कुंडीत पेरा. तिथे ते चांगलं हातभर वाढतं, त्याला चार पाकळ्यांची बारीक पांढरी फुलं येतात आणि मग चपट्या गोल शेंगा. प्रत्येक शेंगेत दोन बिया.

बुरशी आली का हो?

तिसऱ्या दिवशी बऱ्याच शेतकऱ्यांचा धीर सुटतो. मुळांभोवती पांढरी लव दिसते आणि "बुरशी लागली!" म्हणून बशी थेट कचऱ्याच्या डब्यात जाते. थांबा! ती बहुतेक वेळा बुरशी नसते. ते असतात मूलरोम, म्हणजे पाणी शोषणारे मुळांचे केस.

ओळखायचं कसं? लव प्रत्येक मुळाला लागून, सगळीकडे सारखी असेल तर ते मूलरोम. त्यावर पाणी शिंपडलं की ते मुळाला चिकटतात आणि दिसेनासे होतात. बुरशी मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी एका बीवरून दुसरीवर पसरते, पाणी शिंपडलं तरी जात नाही आणि तिला कुबट वास येतो. तशी दिसली तर ती बशी टाकून द्या, खाऊ नका. पुढच्या वेळी बिया विरळ पेरा, पाणी कमी घाला आणि बशी गरम पाण्याने धुऊन घ्या. पावसाळ्यात ही काळजी जास्त घ्यावी लागते.

कापणी आणि मेजवानी

कात्रीने देठ खालून कापा आणि रोपं पिण्याच्या पाण्याने धुऊन घ्या. एक पान चावून बघा. आहा! आधी काहीच नाही, आणि मग जिभेवर मिऱ्यासारखा झटका!

हा तिखटपणा आहे अळिवाचं संरक्षण. पानाच्या पेशींमध्ये दोन पदार्थ वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेले असतात. एकाचं नाव ग्लुकोसिनोलेट, दुसऱ्याचं मायरोसिनेज. ते वेगळे असतात तोवर तिखट काही नाही. अळीने पान कुरतडलं किंवा तुम्ही चावलंत की मधल्या भिंती फुटतात, दोघे एकत्र येतात आणि झणझणीत पदार्थ तयार होतो. मोहरी फेसली की ती नाकात जाते, तीही याच कुळाची करामत. पान शिजवलं तर मायरोसिनेज निकामी होतं आणि झणका उतरतो. म्हणून अळिवाची पानं कच्चीच छान लागतात.

काकडीच्या कोशिंबिरीत घाला. दह्यात कालवा. गरम थालीपिठावर लोण्याचा गोळा आणि वर ही हिरवी शेंडी ठेवा. ब्रेडला लोणी लावून त्यात भरा. पानांत क जीवनसत्त्वही चांगलं असतं. पहिल्यांदा मात्र चिमूटभरच खा. धाकट्या भावंडांना तिखट लागलं तर तक्रार तुमच्याच नावावर जाईल!

एकदा कापलेल्या बशीतून पुन्हा पीक येत नाही. म्हणून दर तीन दिवसांनी नवी बशी पेरायची. तीन-चार बश्या फिरत्या ठेवल्या की घरात कायम काहीतरी कापायला तयार असतं. उरलेला कापूस मुळांसकट एखाद्या कुंडीत पुरून टाका.

पाण्यातली बहीण

अळीव जमले की तुम्हाला पुढच्या इयत्तेत जाता येईल. अळिवाच्या कुळात वॉटरक्रेस नावाची एक भाजी आहे. चव तशीच तिखट, पण राहणी अगदी वेगळी. हिला थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यात राहायला आवडतं. हिमालयातल्या झऱ्यांच्या काठी ती आपोआप उगवलेली दिसते.

मोठ्या शहरांतल्या काही भाजीवाल्यांकडे हिची जुडी मिळते. तिच्या काही काड्या पेल्यातल्या पाण्यात ठेवल्या तर आठवडाभरात पेरांपाशी पांढरी मुळं फुटतात. मग त्या मातीच्या कुंडीत लावा आणि कुंडी पाणी भरलेल्या परातीत ठेवा, म्हणजे माती कायम ओली राहील. जागा सावलीची आणि ऋतू थंडीचा हवा.

पण दोन गोष्टी सांभाळायच्या. परातीतलं पाणी दर दोन दिवसांनी पूर्ण बदलायचं आणि परात घासून घ्यायची. साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा डास अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. आपल्याला भाजी पिकवायची आहे, डास नव्हे!

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ओढ्या-झऱ्यात आपोआप उगवलेली वॉटरक्रेस कच्ची कधीही खायची नाही. गुरं आणि मेंढ्यांच्या यकृतात एक चपटा कृमी राहतो. त्याची अंडी शेणातून पाण्यात जातात, पिल्लं पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात आणि बाहेर पडून पाणवनस्पतींच्या पानांना चिकटून बसतात. ती पानं कच्ची खाल्ली तर कृमी माणसाच्या यकृतात पोचतो. नुसतं धुऊन तो खात्रीने जात नाही. घरी, नळाच्या पाण्यावर वाढवलेल्या भाजीत ही भानगड येत नाही. कुंडीत पिकवण्याचा हाच मोठा फायदा.

बशीची प्रयोगशाळा

आता परत अळिवाकडे. अळीव लवकर उगवतात, स्वस्त असतात आणि एका बशीत शेकडो मावतात. म्हणून शास्त्रज्ञांनाही ते आवडतात. आपण दोन प्रयोग करू.

पहिला, उजेडाचा. तीन बश्या सारख्या पेरा. एक खिडकीत ठेवा. दुसरी कपाटात, अंधारात. तिसरी बुटांच्या खोक्यात, आणि खोक्याला एकाच बाजूने भोक पाडा. आठवड्याने काय दिसेल? कपाटातली रोपं सर्वांत उंच! पण पिवळी, किडकिडीत. उजेड सापडेपर्यंत सगळी शिदोरी उंची वाढवण्यात खर्च करायची, हा त्यांचा बेत. खोक्यातली रोपं मात्र सगळी भोकाकडे वाकलेली. रोप असं का वाकतं, हा प्रश्न चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनाही पडला होता. त्यांनी गवताच्या कोंबांच्या टोकांना टोप्या घालून पाहिल्या. टोक झाकलं की कोंब वाकेना! म्हणजे उजेड कळतो टोकाला आणि वाकतो खालचा भाग. १८८० साली त्यांनी हे पुस्तकात मांडलं. टोकाकडून खाली निरोप नेणारा पदार्थ असतो, हे १९२६च्या सुमारास फ्रिट्स व्हेंट या डच शास्त्रज्ञाने दाखवलं. त्याला आज आपण ऑक्झिन म्हणतो.

दुसरा, मुळांचा. एका ताटलीवर टिपकागद ओला करून चिकटवा. त्यावर एका ओळीत दहा अळीव ठेवा. थोड्या वेळाने ताटली भिंतीला टेकवून उभी करा. बिया पडणार नाहीत, कारण तोच तो चिकट कोट! ताटलीखाली थोडं पाणी ठेवा म्हणजे कागद ओला राहील, आणि वरून प्लास्टिकची पिशवी घाला. दोन दिवसांत मुळं सरळ खाली उतरतील. आता ताटली एक चतुर्थांश फिरवा, मुळं आडवी होतील. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. सगळी मुळं काटकोनात वळून पुन्हा खाली निघालेली! मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींमध्ये पिठाचे जड कण असतात. ते ज्या बाजूला बसतात ती खालची बाजू, असं मुळाला कळतं. १९९४च्या जुलैमध्ये कोलंबिया अंतराळयानातून अळिवाची रोपं पाठवली होती. तिथे फिरत्या यंत्रात ठेवून, किती थोडी ओढ असली तरी मुळाला ती कळते, हे शास्त्रज्ञांनी तपासलं. तुमच्या ताटलीवरचा प्रयोग अवकाशात जाऊन आला आहे, बरं का!

पाच मुली आणि बारा बश्या

आता ती डेन्मार्कची हकिगत. २०१३ साली उत्तर जटलंडमधल्या एका शाळेतल्या, नववीतल्या पाच मुलींच्या लक्षात एक गोष्ट आली. मोबाइल उशाशी ठेवून झोपलं की दुसऱ्या दिवशी वर्गात लक्ष लागत नाही, असं त्यांना वाटलं. फोनच्या लहरींचा हा परिणाम असेल का? माणसांवर प्रयोग करण्याची साधनं शाळेत नव्हती. म्हणून त्यांनी अळीव घेतले. सहा ट्रे एका खोलीत ठेवले. दुसरे सहा ट्रे दुसऱ्या खोलीत, इंटरनेटच्या दोन वायफाय राउटरांच्या शेजारी. बारा दिवस पाणी घातलं आणि फोटो काढले.

पहिल्या खोलीत हिरवंगार शेत उभं राहिलं. राउटरजवळच्या बिया मात्र बहुतेक उगवल्याच नाहीत, उगवल्या त्या सुकल्या.

झालं! दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बातमी जगभर पसरली. प्रयोगाचं कौतुक झालं आणि पुष्कळ लोक घाबरले. घरातला राउटर रात्री बंद करा, असे सल्ले सुरू झाले.

पण मग काही जाणकारांनी विचारलं, "राउटर नुसत्या लहरी सोडतो का? तो चालू असला की तापतोही!" उन्हाळ्यात कपडे लवकर वाळतात, तसा तापलेल्या यंत्राजवळचा कापूस लवकर सुकतो. आणि मोड येत असलेली बी एकदा सुकली की संपली. मुलींनी दोन्ही खोल्यांचं तापमान आणि पाणी सारखं ठेवायचा प्रयत्न केला होता. पण खोली सारखी गरम असली, तरी राउटरला टेकलेला ट्रेही तेवढाच गरम असेल असं नाही. म्हणजे दोन गटांत एक फरक नव्हता, निदान दोन होते. लहरींचा आणि उष्णतेचा. रोपं कुणामुळे गेली, हे त्या प्रयोगावरून सांगताच येत नव्हतं.

त्या मुली चुकल्या म्हणून हसायचं का? मुळीच नाही. त्यांनी प्रश्न विचारला, नोंदी ठेवल्या आणि सगळ्यांना दाखवल्या. म्हणूनच तर दुसऱ्यांना त्यातली फट शोधता आली. बातमी वाचून पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी बशीभर अळीव पेरून पाहिले असतील?

तुमचा प्रयोग, तुमचे नियम

ही फट बुजवायची कशी? विचार करा. राउटरएवढीच ऊब देणारी, पण लहरी न सोडणारी एखादी वस्तू दुसऱ्या ट्रेशेजारी ठेवली तर? किंवा ट्रे थोडे दूर ठेवून, प्रत्येकात थर्मामीटर ठेवून पाहिलं तर? तुमच्या डोक्यात आणखी चांगली युक्ती येईलही. घरातल्या विजेच्या वस्तूजवळ पाण्याची बशी ठेवायची झाली, तर मात्र मोठ्यांना विचारूनच.

प्रश्न कोणताही असो. साखरेच्या पाण्यात अळीव उगवतील का? मिठाच्या? चहाच्या? गाणं लावलं तर लवकर वाढतील का? हे नियम पाळा.

* एका वेळी एकच गोष्ट बदला. बाकी सगळं, म्हणजे बशी, कापूस, पाण्याचे चमचे, उजेड, अगदी सारखं.
* एक बशी नेहमी साधी ठेवा. तिच्याशी बाकीच्या ताडून बघायच्या.
* बिया मोजून पेरा. प्रत्येक बशीत ५० घेतल्या, तर किती उगवल्या त्याची दुप्पट केली की टक्केवारी मिळाली!
* एका बशीवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक प्रकारच्या निदान तीन बश्या करा.
* उगवलेली रोपं मोजायला मित्राला बोलवा, पण कोणत्या बशीला काय घातलं ते त्याला सांगू नका. आपल्याला हवं तेच आपल्या डोळ्यांना दिसतं, मित्राच्या नाही.
* निकाल मनासारखा आला नाही तरी वहीत आहे तसा लिहा.

प्रयोगाच्या बशीत मीठ, साबण वगैरे काही घातलं असेल तर ती रोपं खायची नाहीत. खाण्याची बशी वेगळी, प्रयोगाची वेगळी.

आता पुन्हा कधी कुणी सांगितलं, की अमुक एका वस्तूने झाडं मरतात किंवा तमुक मंत्र म्हटला की दुप्पट वाढतात, तर वाद घालत बसू नका. शांतपणे स्वयंपाकघरात जा आणि अळिवाचा डबा काढा. दहा दिवसांत उत्तर मिळेल. आणि साध्या बशीतल्या रोपांची कोशिंबीर होईल, ती वेगळीच!